भाजी कुठली, ते आधी ठरवा

दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा बाहेर आकाशकंदील लागलेले असतात आणि घरात चकलीचा वास असतो. पण त्यातल्या बहुतेक कथा लिहिल्या जातात आषाढ-श्रावणात, न वाळलेल्या कपड्यांच्या दोरीखाली बसून, वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना. संपादकांचा निरोप मे महिन्यात येतो. पूर्वी पत्र यायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो: कथा जुलैअखेरपर्यंत हवी, साडेतीन-चार हजार शब्दांत बसवा. का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. म्हणजे शंभराहून जास्त पावसाळे मराठी लिहिणारी माणसं हेच करत आलीत. त्यांतली मी एक आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

मी सांगलीची. विश्रामबागेत आमचं घर. घरात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. नवरा साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. मुलगी यंदा बारावीला. मुलगा पुण्याला शिकतो; जेवायला घरी नसला तरी "मम्मी, पिठल्यात गुठळ्या झाल्या, आता काय करू?" असे त्याचे फोन येत असतात. मी कथा लिहिते. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे. तिथं बसून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात आणि खिडकीतून शेजारच्यांचा शेवगा दिसतो.

मागं एका वाचनालयाच्या कार्यक्रमात एका मुलीनं विचारलं होतं, "ताई, तुम्ही लिहिता कधी?" तिच्या कडेवर लहान बाळ होतं. ती स्वतः कविता करते हे नंतर चहाच्या वेळी कळलं. कार्यक्रम संपत आला होता, म्हणून "दुपारी लिहिते" एवढंच सांगून पुढच्या प्रश्नाकडं जावं लागलं. तिला द्यायचं राहिलेलं पुरं उत्तर आज इथं लिहिते.

वेळ असतो. घरात राहणाऱ्या बाईला लिहायला वेळ नसतो असं लोक म्हणतात. अनेक घरांत ते खरं आहे, आणि जिथं खरं आहे तिथं मी काही शिकवायला जाणार नाही. पण माझ्यापुरतं सांगते. सकाळी डबे आणि भाकऱ्या मिळून दीड तास, संध्याकाळी तासभर. धुणंभांड्याला बाई येतात. अकरा ते तीन घर शांत असतं. आत्या जेवून पडलेल्या असतात, मुलगी क्लासला. चार तास हा लेखकाला भरपूर वेळ आहे. तरीही कित्येक वर्षं माझ्या त्या चार तासांतून अर्धं पान निघायचं नाही, आणि का निघत नाही ते मला उमगत नव्हतं.

उलट, कथा पुढं सरकायची ती भाकरी करताना.

आमच्याकडं ज्वारी येते जतकडून, शाळू. दळण ताजं असलं की पिठाला विरी असते, पाणी घालून मळायला घेतलं की पीठ तळहाताला धरून राहतं. दळून आठ-पंधरा दिवस झाले की विरी जाते, मग आधणाचं पाणी घालून मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. एका भाकरीपुरताच उंडा घ्यायचा, परातीत मळून मळून तो लोण्यासारखा झाला पाहिजे. खाली पिठाची भुरभुर, वर उंडा, आणि मग उजव्या हाताची बोटं कडेकडेनं थापत जातात तशी भाकरी स्वतःच फिरायला लागते. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला करून जाळावर धरायची. फुगली की पापुद्रा सुटतो. हे सगळं हातांना येतं. डोक्याला त्यात काही काम नाही. त्या अर्ध्या तासात माझ्या कथेतली माणसं बोलतात. 'हा कशावरनं खोटं बोलतोय' हा तीन दिवस अडलेला प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीला सुटलेला आहे. पिठाच्या हातानं लिहिता येत नाही म्हणून वाक्य घोळवत ठेवायची सवय लागली, आणि घोळवलेलं वाक्य कागदावर येईतो बरंच घडून आलेलं असतं.

म्हणजे स्वयंपाक आडवा येत नव्हता. मग दुपारच्या त्या शांत चार तासांत काय आडवं येत होतं?

एखाद्या दुपारी वही उघडल्यावर डोक्यात काय असायचं ते तसंच लिहिते. मटकी भिजवली ती काल, आज मोड आले असतील, म्हणजे उद्या उसळ. पण उद्या सोमवार, आत्यांचा उपवास. त्यांना साबुदाण्यानं पोट धरतं म्हणून वरी, वरी संपत आली. शनिवारी ह्यांचा उपवास. संकष्टी बुधवारी, ती माझी. मुलीला डब्यात रस्सा नको, झाकण गळतं. दूध आलं ते तापवायचंय, विरजणाला कालचं दही राखायला हवं, नाहीतर सकाळी पुन्हा शेजारी वाटी घेऊन जावं लागेल. दळण टाकायचंय. आत्यांच्या आमटीत मीठ कमी, ती आधी बाजूला काढायची. नागपंचमीला चिरायचं-तळायचं नाही, म्हणून दिंडं. पुरणाला हरभऱ्याची डाळ आहे का? आखाड संपायच्या आत एकदा कापण्या तळायच्या राहिल्यात, गूळ चिक्कीचा आलाय तो चालेल का? गॅस. आणि या सगळ्यावर, दिवसातून दोनदा, घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून वेगवेगळ्या वेळी: "आज भाजी कुठली?"

हातानं करायचं काम संपतं. हे संपत नाही. याला सुट्टी नाही, याची वेळ ठरलेली नाही, आणि करताना कुणाला दिसतही नाही. बाई टेबलाशी गप्प बसलेली दिसते एवढंच.

हे मला उमगलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आणि ज्या दिवसांत उमगलं ते आमच्या गावाचे फार वाईट दिवस होते. सांगलीकराला पावसाळ्यात एक आकडा तोंडपाठ असतो: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी माणसं फोनवर तो आकडा बघतात, मग कोयनेतून किती सोडलं ते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, पेठा, सांगलीवाडी पाण्यात. आमच्या गल्लीपर्यंत पाणी येत नाही, म्हणून माझी नणंद, चुलत जाऊ, त्यांची मुलं, दोन म्हातारी माणसं अशी सगळी आमच्याकडं आली. जिन्यात सुद्धा गाद्या होत्या.

दूध नव्हतं. मंडई बंद. नळाला पाणी नाही, टँकरपुढं कळशा घेऊन रांग. घरात होते तांदूळ, तूरडाळ, बेसन, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, आणि मे महिन्यात डंकावरनं कुटून आणलेली वर्षाची चटणी. त्यामुळं जे होतं तेच: सकाळी पिठलं-भाकरी, रात्री आमटी-भात, नाहीतर खिचडी. दुसऱ्या दिवशी आमटी-भाकरी आणि पिठलं-भात. आम्ही बायका आळीपाळीनं भाकरीला बसायचो. तव्याखालचा गॅस बंदच व्हायचा नाही. मी आयुष्यात एवढा स्वयंपाक एका आठवड्यात कधी केलेला नाही.

आणि त्याच आठवड्यात मी लिहीत होते. गच्चीच्या दाराशी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, मांडीवर पॅड घेऊन. संपादकांनी सांगलीची बातमी बघून स्वतःहून मुदत वाढवून दिली होती, न लिहून चाललं असतं. तरी कथा येत होती, पानामागं पान. लोकांचं काय काय गेलं ते मी जवळून बघत होते. जावेच्या घरातलं मुलांचं सगळं दप्तर, लग्नातली भांडी, फोटो. आमचं नगर वाचनालय पाण्यात गेलं, तिथली पुस्तकं नंतर चिखलातून बाहेर काढताना बघून गावातली मोठी माणसं रडली. अशा वेळी आपलं लिखाण चांगलं चाललंय हे कुणाला सांगावंसंही वाटेना. पण ते चाललं होतं.

पाणी उतरलं, माणसं आपापल्या घरचा चिखल काढायला गेली. मी पण सोबत गेले, घमेली वाहिली. मग आमचं घर पुन्हा चार माणसांचं झालं, मंडई उघडली, कृष्णाकाठची वांगी नसली तरी दुधी-दोडके यायला लागले. आणि एका सकाळी मुलगी उठून आली, डोळे चोळत म्हणाली, "मम्मी, आज भाजी काय?"

मला आतून काहीतरी बंद झाल्यासारखं वाटलं, तेव्हा कळलं. पुराच्या आठवड्यात करणं तिप्पट झालं होतं, पण ठरवणं पार नाहीसं झालं होतं. पर्यायच नव्हता. पिठलं की आमटी एवढाच प्रश्न, तोही ज्या बाईच्या हाती पळी आली तिनं सोडवायचा. डोकं रिकामं होतं आणि रिकाम्या डोक्यात कथा येऊन बसली होती.

आत्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. पूर्वी त्या म्हणायच्या नाहीत, आता म्हणतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतल्या कितीतरी आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट ऐकता येतात. मी त्या ऐकते तेव्हा मनात येतं, पहाटे जात्याशी बसलेल्या बाईचे हात किती दुखत असतील. ते कष्ट गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. पण त्या घटकेला काय दळायचं हे ठरलेलं असायचं. जोंधळे समोर, जातं समोर, खुंटा हातात. भाऊ, सासर, विठ्ठल, पाऊस, सगळं ओवीत यायला तिथं जागा होती. लाखभर ओव्या रचणाऱ्या त्या बायांनी स्वतंत्र खोली मागितली नव्हती. अर्थात त्यांना ती कुणी दिलीही नसती, आणि हे मला बोचतंच.

तर मी काय केलं. स्वयंपाक वाटून दिला नाही. तो मीच करते, मला तो आवडतो, माझ्या कथा त्यात आहेत. मी ठरवणं वाटून दिलं.

एका रात्री जेवताना घरच्यांपुढं विषय काढला. ज्याचा वार त्यानं आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचं, उद्या दोन्ही वेळेला काय. सांगायचं म्हणजे नुसतं नाव घ्यायचं नाही. घरात आहे का ते डबा उघडून बघायचं, नसलं तर आणायचं, भिजवायचं असेल तर भिजवायचं, कुणाचा उपवास आहे ते बघायचं. मी सकाळी उठून जे समोर असेल ते रांधणार. चव बिघडली तर जबाबदारी माझी, पण 'हेच का' या प्रश्नाचं उत्तर ज्यानं ठरवलं त्यानं द्यायचं.

मुलीनं पहिल्यांदा पनीर सांगितलं, आणलं. पुढच्या वारीही पनीर. मग तिनंच हिशेब केला आणि ते महिन्यातून एकदावर आलं. एका पावसाळी गुरुवारी तिला काही सुचेना म्हणून ती आत्यांच्या खाटेवर जाऊन बसली. आत्या म्हणाल्या, "हुलग्याचं माडगं सांग की तुझ्या आईला. पावसात अंगात ऊब येती." हे पोरीनं कधी खाल्लेलं नव्हतं. हुलगे भाजून दळून आणण्यापासून सगळं तिनं आजीला विचारून केलं, आणि घरात कितीतरी वर्षांनी माडगं शिजलं. गूळ घालून, वाटीनं प्यायलो सगळे. परीक्षेचं वर्ष आहे, तिच्यावर भार टाकतेस, असं एक-दोघींनी मला ऐकवलं. आठवड्यातले दोन वार 'काय जेवायचं' याचा विचार करणं हे बारावीच्या मुलीला जड असेल असं मला वाटत नाही. मुलगा घरी असता तर त्यालाही दोन वार दिले असते. सुट्टीत आला की देतेच.

नवऱ्याचं मला खरंच कौतुक वाटतं. पावसाळा म्हणजे कारखान्याचा ऑफ सीझन. गाळप नाही, तिन्ही पाळ्यांची धावपळ नाही, मशिनरीचं ओव्हरहॉलिंग चाललेलं, संध्याकाळी सहाला माणूस घरी. माझा लिहायचा हंगाम आणि त्याचा रिकामा हंगाम एकच, हे आमचं भाग्य. त्यानं स्वतःहून रात्रीचं खातं घेतलं: भिजत घालणं आणि विरजण. लॅबमधल्या माणसाच्या हाताला नेमकेपणाची सवय असते. दूध किती कोमट झालं म्हणजे विरजायचं, हे मी करंगळी बुडवून ठरवायची. त्यानं ताप बघायचं थर्मामीटर नाही, कारखान्यात वापरतात तसलं दुकानातून विकत आणलं आणि चाळीस अंशांच्या आसपास आलं की विरजण लावतो. थंडीच्या रात्री पातेलं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतो. आमचं दही आता सुरीनं कापता येईल असं लागतं. डाळ-तांदूळ किती उरले याची एक वही त्यानं घातली आहे, त्यात तारखेवार नोंद असते. मला आता तूरडाळ संपत आली की नाही हे माहीत नसतं. हे वाक्य लिहिताना मला केवढा मोकळेपणा वाटतो ते शब्दांत सांगता येणार नाही.

आत्यांचं मात्र मी धरलेलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. वार वाटताना मी त्यांना मोजलं नव्हतं. वय झालं, त्यांना कशाला त्रास. दोन दिवस त्या गप्प. तिसऱ्या दिवशी मी लसूण सोलत होते तिथं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या घरात काय शिजायचं त्ये मी पन्नास वरसं सांगितलं. तू आलीस, तवापास्नं मला कोन इचारत न्हाई. आता पोरीला बी वार हाय, मला न्हाई."

मला जे ओझं वाटत होतं ते त्यांच्या हातातून गेलेलं मोठेपण होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर हळूहळू माझ्याकडं आलं, सगळ्यांना वाटलं म्हातारीला विश्रांती मिळाली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता शुक्रवार आणि मंगळवार त्यांचे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद लागतो, पुरण असतं, ते सगळं त्यांच्या शब्दानं चालतं. गुरुवारी रात्री बरोबर नऊ वाजता त्या हाक मारतात, आणि काय काय लागणार ते सांगताना त्यांचा आवाज वेगळाच येतो, मोठा, पूर्वीसारखा.

यंदाची माझी कथा आत्यांनीच दिली. त्यांच्याकडून जुनं काही ऐकायचं असेल तर समोर वही घेऊन बसून चालत नाही. वही बघितली की त्या 'काय सांगायचं, सगळ्यांचं तसंच होतं' म्हणून मोकळ्या होतात. हातात काम पाहिजे. तर एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. वाळलेल्या शेंगा, कुटासाठी. एका परातीत दाणे, एका पाटीत टरफलं. बाहेर पाऊस, नदीचा आकडा वाढत होता, त्यावरून २००५ चा पूर निघाला. तेव्हा त्या आणि मामा, म्हणजे माझे सासरे, गावाकडं राहत होते, वाळव्याकडच्या कृष्णाकाठच्या गावात. पाणी वेशीत आलं तरी मामा निघेनात, म्हसरं आधी वर न्या म्हणून अडून बसले. शेवटी रात्री ट्रॅक्टर आला. काय घ्यायचं ते घ्या, दोन मिनिटांत बसा.

"मग तुम्ही काय घेतलं?" मी विचारलं.

"इरजान," आत्या म्हणाल्या.

कपाटात डोरलं होतं, सातबाऱ्याची कागदं होती, ती मामांनी घेतली. आत्यांनी दह्याचं झाकणाचं स्टीलचं भांडं पदराखाली धरलं आणि ट्रॅक्टरवर चढल्या. माळावरच्या शाळेत रात्र काढली. तिथं दूध कुठलं? पण तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी म्हशीचं दूध आलं आणि त्यांनी त्या भांड्यातल्या दह्यानं विरजण लावलं. वर्गातल्या बायांनी वाटीवाटीनं नेलं. हे सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते. शेंग दाबायची, फुटली की दाणे परातीत. "घरात गेल्यावर दही लागणारच की," एवढंच त्या म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

मी उठून वही घेतली नाही. परात रिकामी होईतो शेंगा फोडत बसले. रात्री जेवणं झाल्यावर बसले ते दीड वाजेपर्यंत. कथेतली बाई आत्या नाहीत, तिचं गाव वेगळं, तिची माणसं वेगळी, तिच्या हातात दुसरंच काहीतरी आहे. पण ट्रॅक्टरवर चढताना तिच्या डोक्यात उद्याचा स्वयंपाक आहे, आणि आजूबाजूच्या एकाही माणसाला ते ठाऊक नाही. ती रात्र लिहून झाली तेव्हा ओट्यावर पातेलं टॉवेलात गुंडाळलेलं होतं, चवळी भिजत पडलेली होती. कुणाच्या वाराची, ते मी बघितलंही नाही.

हे सगळं नेहमी सुरळीत चालतं असं नाही. ऑक्टोबर उजाडला की कारखान्याचा बॉयलर पेटायची तयारी होते, गाळप सुरू झालं की नवऱ्याला पाळ्या लागतात, तेव्हा रात्रीचं खातं पुन्हा माझ्याकडं येतं. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला बाहेर गेली तर तिचे वार कुणाचे, माहीत नाही. सणाचं ठरवणं तर अजून बरंचसं माझ्याच डोक्यात असतं, आणि आमच्या व्यवसायाची गंमत अशी की प्रूफं नेमकी गौरी-गणपतीत येतात. त्यात मी युनिकोडमध्ये टाइप करून पाठवते आणि छापखान्यात ते श्रीलिपी या छपाईच्या फाँटात नेतात, तेव्हा जोडाक्षरं फुटतात. 'ऱ्या' आणि 'र्‍हा' डोळ्यांत तेल घालून बघावे लागतात. एका हाताला पुरणयंत्र आणि दुसऱ्या हाताला प्रूफं, अशी गौरीजेवणं मी पुष्कळ काढलीत. मानधन काही अंकांकडून वेळेवर येतं, काहींकडून नुसता अंक येतो. तरी अंकात आपलं नाव छापलेलं पान उघडलं की आत्या चष्मा लावून त्यावरनं बोट फिरवतात, अक्षर लावून लावून वाचतात, आणि मला पुढच्या वर्षासाठी तेवढं पुरतं.

त्या कविता करणाऱ्या मुलीला मला एवढं सांगायचंय की बाळ लहान आहे तोवर चार तास मिळणार नाहीत, ते खरंच मिळत नाहीत, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नकोस. पण घरातल्या कुणाला तरी आजपासून एक वार दे. कामाचा नको, ठरवण्याचा दे. भाजी चिरून देतो म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतील; कुठली चिरायची ते तूच सांग म्हणतील. त्यांना म्हण, कुठली ते आधी ठरवा.

यंदाची कथा परवा पाठवली. पोचल्याचा निरोप आला. गौरीच्या जेवणाचं मी नणंदेवर सोपवलं, आत्यांच्या देखत, त्यांच्या संमतीनं. तिचा लगेच फोन: "वहिनी, सोळा भाज्या करायच्या का गं?"

"तू सांग," मी म्हटलं.

"मला विचार करू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कळवलं. सोळा नाहीत, पाच करायच्या. पण अळूची पातळ भाजी त्यात हवीच, शेंगदाणे आणि मुळा घालून, आणि अळू तिच्या परसातला ती स्वतः घेऊन येणार.